स्टेअरिंगवरचा दोरा

हिरामण, तुही गाडी अजून शेडमध्येच उभी आहे. पोलिसांचा पंचनामा झाला तवा क्रेनवाल्यानं विचारलं, कुठं टाकू? मी म्हटलं, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आण, आपल्या शेडमध्ये, तिच्याच जागेवर. वहिनी म्हणाल्या होत्या, "घरी नका आणू भाऊजी, मले पाहवत नाही." मंग मी तिच्यावर ताडपत्री टाकली. पण मी टाकली का ताडपत्री आखूड पडे बे. उजव्या बाजूचं दार तं राह्यलंच नाही, तिथून स्टेअरिंग दिसे. मी चहा प्यायले बसलो का नेमकं तेच समोर येई. तू गेला त्या सकाळी त्या स्टेअरिंगवर दोरा नव्हता.

तो काहून नव्हता हे फक्त मले माहीत होतं. तुले माहीत असतं तं तू आज समोरच्या स्टुलावर बसून माह्या चहाले नावं ठेवत असता.

लोकं येऊन राह्यले, बसून राह्यले, काहीबाही बोलून राह्यले. कोणी म्हणते नशीब. कोणी म्हणते, शर्यतीची गाडी होती, स्पीडमध्ये असन. मी मान हलवतो. स्पीडमध्ये नव्हता तू. मी दुसऱ्याच दिवशी आर्णीच्या अलीकडं त्या वळणावर जाऊन आलो. पाऊस भुरभुर पडून गेलता, सडक नुसती ओलसर. वळण असं का नवशिक्याले बी जमन. समोर ढोर आलं असन नाहीतं ट्रॅक्टर, अन् तूनं ॲक्सिलेटरवरून पाय उचलला असशीन. बस्स, एवढंच. बाकीचं मागच्या चाकांनी केलं. रस्त्याच्या कडेच्या चिखलात ती खूण मी वाचली.

मागची चाकं. वीस वर्षं आपण त्याच्यावरूनच भांडलो ना बे?

तुले आठवते, पहिल्यांदा तू आलता तवा? माह्याकडे नवी कोरी अलाइनमेंटची मशीन, कॉम्प्युटरवाली, अख्ख्या एमआयडीसीत एकच. मी पुढच्या दोन्ही चाकांचे आकडे हिरवे करून दाखवले अन् छाती काढून उभा राह्यलो.  तूनं खिशातून गवंड्याचा पांढरा सुती दोरा काढला. गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढून मागं ताणला, चार खुंट्यांवर बांधला, गुडघ्यावर बसून पोलादी पट्टीनं मोजून राह्यला. चाकाची पुढची कड दोऱ्यापासून किती, मागची कड किती. मंग म्हणला, "पुढची चाकं झ्याक केली तूनं. मागचा अख्खा एक्सलच वाकडा हाय. तुही मशीन चाकाले पाहते, गाडीले पाहत नाही." खरंच ती गाडी सडकेवर कुत्र्यावानी तिरपी चाले. मी आठ दिवस तुह्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी मीच म्हटलं, शेडमध्ये अर्धी जागा घे.

तू म्हणे, पुढची चाकं ड्रायव्हरचं ऐकतात, मागची कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत, म्हणून ती आधी सरळ करायची. मी हसे. आता हसू येत नाही.

अन् ती तुही गाठ! खुंटीवर दोरा बांधायची गाठ. कितीही ताणा, सरकायची नाही, अन् एक टोक ओढलं का फटकन सुटे. तुह्या आज्याच्या आज्यानं बंजाऱ्यांच्या लदेणीत बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या याच गाठीनं बांधल्या, असं तू येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांले सांगे. म्हणे, तांड्यानं बैल सोडले, मीठ सोडलं, वावरं घेतली, पण गाठ नाही सोडली. तूनं ती तुह्या पोरीले, काजलले, पाचवीत असताना शिकवली. मले दहादा शिकवली. माह्या बोटांत ती बसलीच नाही. "भैताड हाय तू वसंता," म्हणे, अन् माही गाठ सोडून आपली बांधे. मी साधी बाईची गाठ मारे, वेणीची मारतात तशी.

माह्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तवा महिनाभर मापाची पट्टी तू वाचली. अर्धा मिलिमीटर बी इकडंतिकडं सांगितलं नाही. गिऱ्हाईक घाई करे, तू म्हणे, "थांबा, वसंताले दिसत नाही म्हणून मी खोटं बोलीन का?" ते मी तुले कधी बोलून दाखवलं नाही. आता बोलून काय फायदा, पण बोलतो. माहं पोट त्या महिन्यात तुह्या डोळ्यावर चाललं.

मंग तूनं ही चितळ बनवली. जुनी भंगार हॅचबॅक घेतली, आतून सगळी सोलली, पाइपांचा पिंजरा बसवला, इंजिन उघडून तीन महिने त्याच्यात डोकं घालून बसला. माळावरच्या मातीच्या शर्यतीसाठी. वळणावर ती मागून अशी उडे का तूच तिले चितळ म्हणाले लागला. ते उडणं इंजिनाचं नव्हतं, मागच्या चाकांचं होतं. चाक जिथं एक्सलवर बसते तिथं आपण एक पातळ तिरपी पत्री टाकत होतो, नखाएवढ्या जाडीची. एका जोडीनं चाकांची तोंडं जराशी आत वळत, गाडी नाकासमोर चाले, ती सडकेची. दुसऱ्या जोडीनं तोंडं जराशी बाहेर जात, गाडीची शेपूट मोकळी होई, वळणावर आपोआप फिरे. ती मातीची. मातीच्या पत्र्यांले तू कानशीनं एक खाच मारून ठेवलती, अंधारात बी हाताले कळावी म्हणून.

मी तुले पहिल्या दिवसापासून सांगून राह्यलो होतो, हे मातीवर ठीक आहे. डांबरावर, त्यातून ओल्या डांबरावर, एकदा पाय उचलला का ती शेपूट पुढं येते.

अन् ते मीच अनुभवलं. त्या पावसाळ्यात चितळ घेऊन नाक्यावर चहाले निघालतो. मातीच्या पत्र्या आत आहेत हे ध्यानातच नव्हतं. कोपऱ्यावर बकरी आडवी आली, मी पाय उचलला, अन् गाडी अशी गर्रकन फिरली का ज्या सडकेनं आलो तिकडंच तोंड करून उभा. मागून ट्रक येत नव्हता म्हणून वाचलो. तू धावत आला ते हसतच आला. मंग माहं तोंड पाह्यलं अन् तुहं हसू बंद पडलं. शेडमध्ये आल्यावर तूनं मापाच्या दोऱ्याचा एक हातभर तुकडा तोडला अन् स्टेअरिंगले बांधला. "आजपासून कायदा. दोरा हाय तं मातीच्या पत्र्या, गाडी सडकेवर न्यायची नाही. दोरा नाही तं सडकेच्या. तोंडानं विचारायचं कामच नाही, कोण कधी इसरन सांगता येत नाही." ज्यानं पत्र्या बदलल्या त्यानंच दोरा बांधायचा, त्यानंच काढायचा. सहा वर्षं तो कायदा कोणीच मोडला नाही.

मी मोडला. तेही देवापुढं बसून.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी आपण चितळ ढाणकीकडच्या माळावर फिरवून आणली, दिवाळीआधी तिथं शर्यत व्हायची होती. मातीच्या पत्र्या आत, दोरा स्टेअरिंगवर, गाडी ट्रॉलीवर. सगळं कायद्यानं. दसऱ्याच्या सकाळी मी शेड धुतली, पाटावर लाल कपडा टाकला, पाने ठेवले, जॅक ठेवला, तुही पोलादी पट्टी ठेवली, दोऱ्याचं रीळ ठेवलं. हळद-कुंकू लावून राह्यलो अन् मनात आलं, रीळ ठेवलं तं तो तुकडा काहून नाही? सगळ्यांत मोठं हत्यार तं तेच आहे. त्याच्यापायी तं आपण जिवंत आहो. मी जाऊन तो स्टेअरिंगवरून सोडला. एका ओढीत सुटला. पाटावर ठेवला, हळद लावली, झेंडू वाह्यला. स्टेअरिंग उघडं दिसत होतं म्हणून तिथं हार घातला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली.

भक्तीनं केलं रे हिरामण. खोट्या मनानं नाही केलं. आरती झाली का परत बांधीन, असं मनात होतं.

दुपारी तू आला, काजलले घेऊन, आपट्याची पानं घेऊन. तवापर्यंत पाट सगळा झेंडूनं झाकून गेलता. मी म्हटलं, पत्र्या आजच बदलून टाकू, कोणी चुकून गाडी नेईन. तू म्हणला, "आज पाना हातात घ्यायचा नाही. पूजेले बसलेलं हत्यार उठवत नाहीत." मी म्हटलं, अन् शर्यत असती तं? तिथून पेटलं. मी मागच्या चाकांवर गेलो, वीस वर्षांचं जुनंच. तू म्हणला, "तुले भेव वाटते म्हणून चाकं नेहमी आत पाहिजेत. तू जिंदगीच चाकं आत वळवून काढली वसंता." काजलसमोर म्हणला. मले ते बोचलं. खरं होतं म्हणूनच बोचलं असन. मी म्हटलं, "मंग मर तुह्या त्या चितळमध्ये."

असं आपण हजारदा म्हटलं असन एकमेकाले. वऱ्हाडात कोण म्हणत नाही? तू पानं पुढं केली, "सोनं घे बे." मी घेतली अन् पाटावर टाकली. गळाभेट केली नाही. रागानं घरी गेलो, अन् दोरा पाटावरच राह्यला, झेंडूच्या खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुहा फोन आला. मी आंघोळ करून पोहे खाऊन राह्यलो होतो. नाव पाह्यलं अन् वाजू दिला. म्हटलं, वाजू दे, जिरू दे जरा. परत वाजला. परत वाजू दिला.

तू काय म्हणणार होता हे मले माहीत आहे. तुही फटफटी मेव्हणा घेऊन गेलता, तुही याडी, म्हणजे माय, महागावच्या तांड्यावर सोन्याची वाट पाहत होती, अन् महागाव काही दोन पावलांवर नाही. तू शेडमध्ये गेला. हार काढला, दोरा नाही. तुले वाटलं, वसंता काल भांडून गेला ना, मंग तावातावात परत आला असन अन् पूजा उठवून पत्र्या बदलून गेला असन. राग आला का मी कामच करतो हे तूच साऱ्यांले सांगे. तू मले शाबास म्हणाले फोन केला असशीन. नाहीतं सहज विचाराले. एक शब्द पुरला असता हिरामण. "थांब." एवढाच.

दहा वाजता आर्णीहून कोणाचा तरी फोन आला. खरं सांगू? आपला माणूस गेला ऐकून लोकं दवाखान्यात पळतात. मी शेडकडे पळालो. पाटावरचा झेंडू बाजूले केला. दोरा तिथंच होता, हळदीनं पिवळा, वर तूच दिलेलं आपट्याचं पान. मी तो खिशात टाकला, अन् मंग दवाखान्यात आलो. वहिनी माह्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. खिशात दोरा होता अन् वहिनी माह्या खांद्यावर रडून राह्यल्या होत्या. मी काय केलं? पाठीवरून हात फिरवला.

आता पुढचं ऐक. हे तुले सांगायले लाज वाटते, पण दुसऱ्या कोणाले सांगू?

नवव्या दिवशी तुह्या घरी तुहा मेव्हणा बसला होता. म्हणला, "भाऊजी स्पीडमध्ये नव्हते म्हणतात. पत्र्या कोणत्या होत्या मंग?" काजल म्हणाली, "मी पाहतो ना उघडून. मले येते." ती पोट्टी तुहीच आहे, बोलली म्हणजे करणार. मी घरी आलो.  दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या नळावर तो दोरा साबणानं धुतला, घासून घासून धुतला, उन्हात वाळवला, अन् ताडपत्रीखाली हात घालून स्टेअरिंगले बांधला.

समजलं ना काय केलं ते? मातीच्या पत्र्या, स्टेअरिंगवर दोरा. म्हणजे हिरामणनंच आपला कायदा मोडला, दोरा दिसत असून गाडी सडकेवर नेली. मेलेल्या माणसावर ढकललं मी. महिनाभर ज्यानं माह्या वाटची पट्टी खरी वाचली त्याच्यावर.  

काल दुपारी काजल आली. एकटीच. ओढणी कमरेले खोचली, ताडपत्री ओढून खाली टाकली. मी जॅक लावून दिला. तिनं मागचं डावं चाक काढलं, बोल्ट सोडले, पत्री बाहेर ओढली अन् अंगठ्यानं कड चाचपली. खाच होती.  तिनं पत्री चिंधीनं पुसली, चिंधीतच गुंडाळून ठेवली. मंग समोर आली अन् स्टेअरिंगवर तिले दोरा दिसला.

"दोरा होता मंग," म्हणाली. आवाज एवढासा. "दोरा असून बाबानं नेली?"

मी जॅकचा दांडा उचलून भिंतीले लावला. ती आत वाकली. मले वाटलं रडून राह्यली. तिनं हात लावला, दोऱ्याचं टोक धरलं अन् ओढलं. तुही गाठ सुटते तशी ओढलं. सुटली नाही. उलटी आवळली.

"काका, ही बाबाची गाठ नाही."

 गाठीचा इचारच मनात आला नव्हता! धुतला, वाळवला, सगळा हिशोब जमवला, अन् गाठ आपली बाईची मारून ठेवली. ती नखानं नखानं सोडत बसली. लय वेळ लागला. पलीकडच्या शेडमधली ग्राइंडर तेवढी वाजून राह्यली होती. सुटला तवा तिनं दोरा उजेडात धरला. मधल्या पिळात पिवळं राह्यलं होतं. हळद साबणानं जाते का रे कुठं?

"हे पाटावर होतं ना? दसऱ्याले?"

मी सगळं सांगितलं. उभ्यानंच. पूजेचं सांगितलं, भांडण तं तिनं पाह्यलंच होतं, फोनचं सांगितलं, दोरा धुतल्याचं बी सांगितलं. मले वाटलं थापड मारन. मारली असती तं बरं झालं असतं. ती दोरा बोटाले गुंडाळून राह्यली, सोडून राह्यली, परत गुंडाळून राह्यली.

"फोन कितीदा आलता?"

"दोनदा."

"उचलला नाही?"

"नाही."

"पूजेत ठेवला ते मी समजू शकतो काका," ती म्हणाली. "बाबानं बी ठेवला असता. फोन बी. तुमी दोघं असेच भांडत होते. पण हे..." तिनं स्टेअरिंगकडे बोट केलं. ओढणीनं नाक पुसलं. मंग तुह्याच आवाजात, अगदी तुह्याच, म्हणाली, "परवा तांड्यावर तेरवी आहे. सारा तांडा जमन. त्याच्या आधी आईले तुमी सांगसान का मी सांगू?"

मी म्हटलं, मी सांगतो.

"मंग हा घेऊन या," म्हणाली, अन् दोरा माह्या हातात दिला. "अन् आता कुठं बांधू नका."

ताडपत्री तिनंच परत टाकली. तिनं टाकली तं ती बरोबर पुरली, काय मालूम कशी.

आज सकाळपासून इथंच बसून राह्यलो आहो. गिऱ्हाईक आलं, परत पाठवलं. तू असता तं काय म्हणला असता याचा इचार करतो. तू शिव्या दिल्या असत्या, मोठ्यानं, तुमच्या तांड्याच्या गोरबोलीत दिल्या असत्या म्हणजे मले अर्ध्या समजल्या नसत्या. अन् मंग म्हणला असता, चहा सांग. तू माफ केलं असतं हे मले माहीत आहे, अन् त्याचाच मले जास्त त्रास होते. वहिनी करतीन का, मले माहीत नाही. याडी करन का, माहीत नाही. तांड्यावर बायका रडून राह्यल्या असतीन, त्यांच्यामधून मले चालत जायचं आहे. मले भेव वाटते हिरामण. तू म्हणला ते खरं, मी सारी जिंदगी चाकं आत वळवून काढली.

माह्या फोनमध्ये तुहे दोन मिस कॉल अजून लाल दिसतात. काजल सांगत होती, तुह्या फोनच्या काचेले तडा गेला पण तो चालू आहे, वहिनी तो उशाशी घेऊन झोपतात. तुह्या फोनले मी उत्तर दिलंच नव्हतं. आत्ता, हे लिहिता लिहिता, मी दोरा समोर ठेवला, अन् त्या लाल नावावर बोट दाबलं.

दुसऱ्याच रिंगले उचलला. तिकडून वहिनीचा आवाज, "बोला भाऊजी."

मी म्हटलं, "वहिनी, मी येऊन राह्यलो. दोरा घेऊन येतो."

 वहिनी म्हणाल्या, "कोणता दोरा?"